झुकता नेम

बोईसर स्टेशनवरून चिंचणीकडे येणाऱ्या टमटममध्ये जायरो चालू ठेवून बीजीएमआय खेळू नये. हे कुणी आधी सांगत नाही. कळतं तेव्हा गडी मेलेला असतो. समोरच्या गच्चीवर शत्रू उभा आहे, स्कोपमधला लाल ठिपका त्याच्या छातीवर बसलाय, आणि नेमकं त्याच क्षणी टमटमवाला पास्थळजवळ वळण घेतो. फोन हातात होता तसाच आहे, बोटं हललेली नाहीत, तरी ठिपका शत्रूला सोडून शेजारच्या भिंतीवरून सरकत पार झाडात जातो. फोनमधल्या जायरोस्कोपला फक्त एवढंच कळतं की आपण कुठल्या दिशेला आणि किती वेगाने फिरलो. फिरवलं कुणी, खेळणाऱ्याच्या मनगटाने की टमटमच्या चाकाने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भाच्याने मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. त्याला त्याचं कौतुक वाटलं होतं. 'मामा, रस्ता सरळ असला की काही होत नाही. कितीही खड्डे असू देत. फक्त वळणावर जातो.' बोईसर-चिंचणी रस्त्याबद्दल इतकं बरं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, मिळेल ती बंदूक उचलतात, आणि शेवटी जो उरतो किंवा जी टोळी उरते ती जिंकते. बाकी सगळा पसारा आहे. खरा प्रश्न नेमाचा. आणि या खेळात नेम धरणं सोपं, धरून ठेवणं अवघड. कारण गोळी सुटली की बंदूक धक्का मारते आणि नळी वर चढते. एम४१६ ही ५.५६ ची बंदूक त्यातल्या त्यात शहाणी, एकेएम ७.६२ ची, ती उसळते. गोळ्या सलग सोडायच्या असतील तर उसळणारा नेम तेवढ्याच वेगाने खाली दाबत राहावं लागतं. अंगठ्याने खेळणारा पडद्यावर बोट खाली ओढतो. जायरोवाला फोनची वरची कड किंचित पुढे झुकवतो, जणू फोनच बंदूक आहे आणि तिची नळी खाली करायची आहे. दोन्हींत काम एकच, पण एकात ते अंगठ्याचं शेवटचं पेर करतं आणि दुसऱ्यात दोन्ही मनगटं.

भाचा पहिली काही वर्षं अंगठ्याने खेळला, कारण इलाज नव्हता. फोन माझ्या बहिणीचा, स्वस्तातला, आणि स्वस्त फोनांत जायरोस्कोप बसवण्याचा खर्च बऱ्याचदा वाचवलेला असतो. त्याच फोनवर दुपारी बहिणीचे बचत गटाचे मेसेज यायचे, नेमके डावाच्या शेवटच्या टप्प्यात. कॉलेजात गेल्यावर त्याला स्वतःचा फोन मिळाला, त्यात जायरो होता. गावातली सगळी पोरं एव्हाना जायरोवर गेलेली. हाही गेला. आणि त्याचा खेळ बसला.

बसला म्हणजे थोडाथोडका नव्हे. जो मुलगा लांबच्या खिडकीतला माणूस टिपायचा, त्याला अंगणातला टिपता येईना. नवीन गोष्ट आहे, हात बसेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो असेन. मामा लोक असंच म्हणतात. पण त्याने एक काम केलं, जे मला आजही विलक्षण वाटतं. तो खेळातल्या ट्रेनिंग ग्राउंडवर गेला. तिथे मारायला कुणी नसतं, मरायचं नसतं, भिंती असतात आणि हव्या तेवढ्या गोळ्या. त्याने बंदुकीवरची सगळी आभूषणं उतरवली, धक्का कमी करणारा कम्पेन्सेटरसुद्धा नाही, आणि नुसत्या उघड्या एकेएमने भिंतीवरच्या एका डागावर तीस गोळ्यांचं मॅगझिन सलग रिकामं केलं. मग फोन खाली ठेवून भिंतीकडे पाहत बसला.

मी शेजारी होतो. गोळ्यांची भोकं डागाच्या वर असायला हवी होती, कारण नवशिक्याला धक्का आवरत नाही. ती होती खाली. पहिल्या तीन-चार डागावर, मग एक शेपूट थेट जमिनीकडे उतरत गेलेली. 'मी दोनदा दाबतोय,' तो म्हणाला. मनगट फोन झुकवत होतं, ते नवीन शिकलेलं. आणि अंगठा, कुणी सांगितलेलं नसताना, वर्षानुवर्षांच्या सवयीने पडद्यावर खाली ओढत होता. म्हणजे त्याला नवं येत नव्हतं असं नाही. नवं आलं होतं. जुनं गेलं नव्हतं. दोघांची बेरीज होऊन गोळ्या शत्रूच्या पायाशी मातीत जात होत्या.

मला तिथे एकदम बोईसरचं सायबर कॅफे आठवलं. कॅफेचं नाव सांगत नाही. मालक अजून भेटतात. काउंटर-स्ट्राइक या बंदुकीच्या खेळाची १.६ आवृत्ती २००३ मध्ये आली आणि आमच्याकडे ती कुणाच्या तरी सीडीतून पोचली. पीसी एकमेकांना वायरने जोडलेले, पंखा एक, आणि शिव्या मुक्त. नकाशा बहुतेक वेळा डस्ट टू. माउस गोळीचा. गोळीचा म्हणजे पोटात रबरी गोळी असलेला. ती गोळी टेबलावरची सगळी धूळ गोळा करून आतल्या बारीक रुळांवर तिचा काळा पट्टा चढवायची. दोन-तीन डावांनी गोळी बाहेर काढून नखाने तो पट्टा खरवडावा लागे. न खरवडलेला माउस अडकत पुढे जाई, आणि आमचा नेम त्या अडकण्यासकट तयार झालेला. दारापासून तिसरा पीसी माझा, कारण त्याचं अडकणं मला पाठ होतं. मग ऑप्टिकल माउस आले. लाल दिवा, गोळी नाही, धूळ नाही, अडकणं नाही. सगळे खूश. मी मात्र प्रत्येक वेळी शत्रूच्या पुढे जाऊन थांबत होतो, कारण हात अजून त्या न लागणाऱ्या अडथळ्यासाठी जोर लावत होता. माझ्याकडे भिंतीवरची भोकं पाहण्याची अक्कल नव्हती. मी माउसला नावं ठेवली, मग नोकरी लागली आणि विषय संपला.

तर भाच्याने पुढे काय केलं. अंगठा चक्क उचलला. नेमाच्या बाजूचा अंगठा फक्त गोळी झाडण्याच्या बटणावर, बाकी हवेत. उजवा हात असा विचित्र धरलेला की त्याची आई म्हणाली, 'काय रे, लचक भरलीय का?' मग अंगठा पुन्हा पडद्यावर, पण फक्त आडव्या वळणापुरता. मोठी वळणं अंगठ्याने, बारीक नेम मनगटाने. काम वाटून दिलं. मग जायरोची सेन्सिटिव्हिटी. लाल ठिपक्याला तीनशे टक्क्यांच्या वर, आणि स्कोप जसा मोठा तशी कमी, सहापटीच्या स्कोपला तर फारच कमी, कारण तिथे श्वास घेतला तरी नेम घर बदलतो. एक आकडा बदलायचा, मॅगझिन रिकामं करायचं, भिंत पाहायची. दोन आकडे एकदम बदलायचे नाहीत. हा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता. मी औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीत काम करतो. तिथे हाच नियम इंजिनीअर झालेल्या माणसांना दर वर्षी नव्याने सांगावा लागतो.

गावातली बाकीची पोरं हे करत नाहीत. ती कोड टाकतात. कुणा मोठ्या खेळाडूने आपली सगळी सेन्सिटिव्हिटी एका लांबलचक आकड्यात बांधून व्हिडिओखाली दिलेली असते. तो आकडा आपल्या खेळात भरला की त्याची मापं आपली. मापं आपली होतात, हात होत नाही. त्याचा टॅब्लेट, यांचा फोन. तो टेबलावर कोपर टेकून बसतो, हे झोपाळ्यावर एक पाय खाली सोडून. मग कोड बदलत राहतात, दर आठवड्याला नवा गुरू. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. दुसऱ्याचं माप घेऊन शिकणं ही जगात सगळीकडे सुरुवातीची पायरी असते. फक्त त्या पायरीवर घर बांधू नये इतकंच.

जुन्या हाताची अशीच एक गोष्ट मी शेजारीही पाहिलीय. आमच्या चिंचणीत, वरोरला, थेट डहाणूपर्यंत घरोघरी दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरायचं काम चालतं, हे बाहेर फारसं ठाऊक नसतं. लोकांना चिंचणी म्हटलं की समुद्र आणि सुरूची झाडं, तारापूर म्हटलं की १९६९ पासूनची अणुभट्टी. पण मुंबईच्या किती बायकांच्या कानातलं फूल आमच्या आळीत कोरलेल्या पोलादावर उठलंय याची गणती नाही. पोलादाचा ठोकळा घ्यायचा आणि त्यावर छिन्नीने, कानशीने, भिंगातून बघत दागिन्याचं उलटं रूप कोरायचं. पाकळी दागिन्यात वर यायची असेल तर इथे ती खोल जाते. मोर उजवीकडे बघायला हवा तर इथे डावीकडे. पत्रा त्यावर दाबला की सुलटा दागिना निघतो. शेजारच्या काकांचं आयुष्य त्या उलट्या जगात गेलं. सुलटी वस्तू त्यांना दुकानातच दिसायची.

आता सीएनसी आलंय. संगणकावर आकृती काढायची, यंत्र पोलाद कापतं. काकांच्या मुलाने यंत्र आणलं आणि काका, वयाच्या मानाने फार उमेदीने, संगणकावर बसले. पहिली आकृती त्यांनी काढली ती मोराची. यंत्राने कापली, पत्रा दाबला, आणि पिसारा उठण्याऐवजी खड्ड्यात. संगणकात दागिना जसा हवा तसाच काढायचा असतो. उलटं करण्याचं काम पुढे सॉफ्टवेअर करतं. काकांनी हातच्या सवयीने आधीच उलटा काढला होता, सॉफ्टवेअरने तो पुन्हा उलटला. मोर उलट्या बाजूला बघत होता, आणि जमिनीत पुरल्यासारखा. काका तो पत्रा हातात घेऊन बराच वेळ फिरवत होते. मग मुलाला म्हणाले, 'माझं काही चुकलं नाही. एकदा जास्त बरोबर झालंय.' आणि पुढची आकृती त्यांनी सुलटी काढली. अजूनही यंत्रातून आलेल्या डायवर शेवटचा हात तेच फिरवतात, आणि तो हात उलट्या जगातलाच.

भाच्याची भिंत पाहिली तेव्हा मला काकांचा पत्रा आठवला. काहीही बदललं की आपण म्हणतो, नवीन शिकायला वेळ लागतो. नवीन शिकायला तितकासा वेळ लागत नाही. तरबेज माणसाला तर फारच कमी. वेळ जातो तो आपल्या आतला जुना कारागीर न सांगता मदतीला येतो म्हणून. तो आळशी असता तर बरं झालं असतं.

खऱ्या बंदुकीवाल्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली माहीत असणार. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ४५१.४ गुण. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा माणूस गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभ्याने नेम धरतो. आणि स्थिती बदलली की डोकं कुंद्यावर टेकण्याची जागा बदलते, डोळ्याचं साइटपासूनचं अंतर बदलतं; म्हणून साइटची बटणं टिकटिक फिरवून नवी जुळणी करावी लागते. एकाच सामन्यात नेमाची यंत्रणा तीनदा जुळवायची. अंतिम फेरीत तो वर सरकला तो शेवटच्या, उभ्या स्थितीत, म्हणजे जिथे शरीर सगळ्यात जास्त हलतं तिथे. शिवाय नियमही स्थिर नाहीत. टोकियोला पुरुषांच्या पात्रता फेरीत १२० गोळ्या होत्या, पॅरिसला ६०. निम्म्या गोळ्या म्हणजे सावरायला निम्मी जागा. आपल्याकडे अपडेटवर पोरं चिडतात, तसे नेमबाज चिडले असतीलच. पण रेंजवर जावंच लागतं.

आमच्याकडच्या अपडेटचं मात्र वेगळं. महिना-दोन महिन्यांनी येतं आणि एखादी बंदूक शांत होते, दुसरी बिघडते. संगणकावर खेळणाऱ्यांचंही हेच. २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक टू आलं आणि त्याच खेळाच्या जुन्या ग्लोबल ऑफेन्सिव्ह आवृत्तीच्या जागी बसलं. आधी सर्व्हर सेकंदाचे ठरावीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यापाशी कोण कुठे आहे, कुणी काय दाबलं ते पाहत असे. आता दोन तुकड्यांच्या मध्ये नेमकी कुठे कळ दाबली तेही नोंदलं जातं. कागदावर हे जास्त न्याय्य. पण दहा वर्षं त्या तुकड्यांच्या तालावर हात बसवलेल्या खेळाडूंना सुरुवातीला सगळं निसरडं वाटलं, आणि ते बोलले. मला त्यांचा राग कळतो. जास्त बरोबर झालेल्या यंत्राशी जुळवून घेणं अपमानास्पद असतं. माझ्या गोळीच्या माउसचं दुःखही तेच होतं की.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक गंमत झाली. पबजी मोबाइलवर भारतात २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला, रक्त लालऐवजी हिरवं, आणि मारलं म्हणायच्या ऐवजी संपवलं. २८ जुलै २०२२ ला तोही दुकानांतून गायब. मे २०२३ मध्ये परत आला तो वेळेची मर्यादा घेऊन, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. या सगळ्यावर मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिलं. पोरगं मात्र दर वेळी जुना आकडा टाकून बसायचं आणि म्हणायचं, 'काहीतरी बदललंय.' बदललं होतं ते त्याच्या हातात. दहावीच्या आधीचा हात आणि नंतरचा हात यांत बोटाचं पेरभर अंतर पडलं होतं. जो अंगठा पूर्वी पडद्याच्या मध्यापर्यंत कसाबसा पोचायचा, तो आता तिथून पुढे जाऊन दुसऱ्याच बटणावर पडत होता. सरकारने खेळ बंद ठेवला, निसर्गाने अपडेट चालू ठेवलं. आम्ही बटणं बाहेरच्या बाजूला सरकवली.

माझंही तसंच. गेल्या वर्षी चाळिशीचा चष्मा लागला. भाच्याच्या आग्रहाने मी एक डाव खेळलो, तर लाल ठिपका मला फुलासारखा पसरट दिसे. फोन लांब धरला की ठिपका स्पष्ट, पण हात लांब गेले की मनगटाचं किंचित हलणंही नेमाला पुरतं. जवळ धरला की हात स्थिर, ठिपका धूसर. मध्ये कुठेतरी एक जागा आहे, ती मी शोधतोय. भाच्याने त्यावर होलोग्राफिक साइट लावायला सांगितली, तिचं वर्तुळ मोठं असतं. वय झालेल्यांसाठी खेळात सोय आहे, हे ऐकून बरं वाटलं.

बहिणीचं म्हणणं, हे सगळं ठीक, पण शेवटी माणसंच मारायची ना. तिला मी हांगझोऊचं सांगितलं. २०२३ मध्ये तिथे झालेल्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सना पदकं होती, आणि त्यात याच खेळाची जी आवृत्ती ठेवली होती तिच्यात कुणी कुणाला गोळी मारत नव्हतं. संघ गाड्या घेऊन अडथळ्यांच्या वाटेवरून पळायचे आणि वाटेत ठेवलेल्या निशाणांवर गोळ्या झाडायचे. धक्का तोच, नेम तोच, समोरचा माणूस काढून टाकलेला. बहीण म्हणाली, 'मग तेच का नाही खेळत हा?' भाचा म्हणाला, 'निशाण उलट मारत नाही ना, आई.' त्या दोघांच्या वादात मी पडलो नाही. पण मला वाटतं तिचा मुद्दा संपलेला नाही. उलट मारणारा समोर असल्याशिवाय आपल्याला नेमाची पर्वा नसते, हे काही फार सुखाचं नाही.

परवा पुन्हा अपडेट आलं. अंगणात पोरं जमली, कुठली बंदूक गेली, कुठली आली याची चर्चा. एकाने आल्या आल्या नवा कोड टाकला. भाचा गप्प होता. त्याने यावेळी एम७६२ घेतली होती, जिचा धक्का सगळ्यात ओंगळ, वर जाता जाता आडवी फेकणारी. मी म्हटलं, 'चांगल्या बंदुका सोडून ही कशाला?'

'हिला आणखी काय बिघडवणार, मामा?' म्हणाला, आणि भिंतीसमोर उभा राहून मॅगझिन भरू लागला.